जावयाची बॅटरी

१२ मे, मंगळवार

आली एकदाची बॅटरी! काळी लोखंडी पेटी, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि कडीला लिंबू-मिरची. मोहितनं एकट्यानं उचलून दुसऱ्या मजल्यापर्यंत आणली, दारात ठेवली आणि घाम पुसत हसला. "पाहा ताई. जुन्या बॅटरीले दोन माणसं लागत होते. अन् हिच्यात पाणी टाकायची कटकटच नाही."

मोहित म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, काजलचा नवरा. आमच्या घरातला एकुलता एक जावई, कारण मी काही जावई आणला नाही. नागपुरातच, महाल भागात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, वर्षभरापासून तिथं लिथियम बॅटऱ्या बनवतो. बनवतो म्हणजे सेल बाहेरून आणतो, पेटीत बसवतो, वर स्वतःच्या नावाचं स्टिकर. कंपनीच्या निम्म्याहून कमी भावात.

ही पेटी जाणार खाप्याला, जितेंद्रच्या मासळीच्या टाक्यांवर. पण आधी माझ्याकडे, प्रताप नगरात. भावानं फर्मान सोडलंय — "उत्तराताई, तू सायन्सची मॅडम. तू फक्त हो का नाही ते सांग. मी डोळे मिटून लावतो."

डोळे तो मिटणार आणि उघडे मी ठेवायचे. नेहमीचंच आहे.

१३ मे, बुधवार

हो की नाही! जितेंद्रला वाटतं, मी दहावीच्या पोरांचे प्रॅक्टिकलचे मार्क देते तसं द्यायचं.

गोष्ट साधी असती तर मीही दिले असते. कन्हान नदीच्या काठचं ते शेत. तिथपर्यंत विजेची लाइन नाही. ताडपत्रीच्या गोल टाक्या, त्यात तांबूस गढूळ पाणी आणि त्या पाण्यात तिलापिया — आई चिलापी म्हणते — एकमेकांना घासतील इतक्या दाटीनं. एवढे मासे त्या पाण्यात जगतात ते फक्त हवेच्या पंपावर. पंप रात्रंदिवस चालायला हवा. दिवसा सोलर, अंधार पडला की बॅटरी. पंप थांबला तर तासाच्या आत मासे पाण्यावर तोंड काढतात. त्यानंतर काढायचे ते घमेल्यानंच.

जुन्या बॅटऱ्या ह्या उन्हाळ्यात दमल्या. रात्री जेमतेम ओढतात. मासा विक्रीला तयार आहे, तर काढता येत नाही! रविवारपासून अधिक महिना. धोंड्याचा महिना म्हणून अर्धं गिऱ्हाईक मासळीकडे पाहत नाही. व्यापारी म्हणतो, धोंडा निघू द्या, मग काढा. म्हणजे टाक्या ठासून भरलेल्या आणि अख्खा नवतपा, वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, त्यांना जगवायचं.

बाबा गेल्यावर जितेंद्रनं नोकरी सोडून हा एकच धंदा धरला. हा बुडाला तर दुसरा नाही. आई तर शेडमध्येच खाट टाकून झोपते. पंपाच्या घरघरीत तिला झोप लागते, आणि घरघर थांबली की जाग येते. पासष्टीची बाई त्या टाक्यांची दाई होऊन बसली आहे.

१४ मे, गुरुवार

सकाळपासून परीक्षा सुरू आहे. जितेंद्रनं पाठवलेला हवेचा पंप बादलीत सोडला, जोडीला टेबलफॅन आणि दिवे. शाळेतलं मीटर आणलं. हॉलमध्ये कूलर चालू, त्याच्यासमोर मी आणि माझ्या शेजारी पेटी. दिवसभर बादलीत बुडबुडे. शेजारच्या नंदिनीताई डोकावून विचारून गेल्या, मासे कुठे आहेत म्हणून.

रात्रीची जेवणं झाली तरी बुडबुडे चालूच. मान्य करायला हवं — चांगली चालली. मीटरचा काटासुद्धा फारसा पडला नाही.

तरी मन खात होतं. झाकणाच्या स्क्रूंवर लाखेचं सील आहे. उघडलं की गॅरंटी गेली. म्हणजे आत काय आहे ते विकणाऱ्यानं सांगायचं आणि घेणाऱ्यानं मान डोलवायची. मोहितला फोन लावून सरळ विचारलं, सेल नवे आहेत का?

"नवेच आहे ताई. फक्त कंपनीनं बाजूले काढलेले. थोडे मार्क कमी. तुमच्या शाळेत पस्तीसवाले पास नाही करत काय?"

हसू आलं. आणि हसू आल्याचा राग आला.

उद्या गच्चीवर नेते. भर दुपारी, उन्हात. खाप्याच्या शेडवर टिनाचं छप्पर आहे, तिथं काय कूलर आहे? बॅटरीची खरी परीक्षा गच्चीवरच.

१५ मे, शुक्रवार

गच्चीवर नेली नाही.

सकाळीच आईचा फोन. तपासणी कशी चालली आहे ते विचारायला नव्हेच, तपासणी कशाला ते विचारायला. धोंड्यात जावयाला द्यायचं असतं. त्याच्याकडून आलेली वस्तू परत करणं म्हणजे अपशकुन. तिनं अनारशाचं पीठसुद्धा घातलंय. "जवाई आपल्या हातानं घेऊन आला अन् आपण मीटर लावत बसायचं? बरं दिसते काय ते?"

मग काजलचा. ती आधी स्वतःचं रडगाणं गायली, ते तिचा हक्कच आहे, सातवा लागलाय. उन्हाळा म्हणजे नुसतं पाणी ओतत बसणं, म्हणाली — कूलरमध्ये पाणी, कुंड्यांत पाणी, इन्व्हर्टरमध्ये पाणी, सासूबाईंच्या चिमण्यांच्या मातीच्या भांड्यात पाणी, आणि स्वतः प्यायची आठवण राहत नाही. मी हसले. मग तिचा आवाज बारीक झाला.

"ताई, सांभाळून लिहिजो वं. घरच्यांनीच नाही म्हटलं तर बाहेरचा कोण घेईन?"

पुढचं ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं. मावशी मागच्या लग्नात माझ्या पाठीमागे म्हणाली होती तेच — उत्तराला दुसऱ्याचा जावई डोळ्यात खुपतो. आता मी नाही म्हटलं तर कोण मानणार आहे की हे मीटर बोलतंय? सगळे म्हणतील, बिनलग्नाची मोठी बहीण बोलतेय.

१६ मे, शनिवार

पेटी घेऊन गच्चीवर जायला गुडघे दुखतात. हे एक कारण लिहून ठेवते. दुसरं कारण कालच्या पानावर आहे.

घरच्या ग्रुपवर दोन शब्द टाकले. 'चांगली आहे.' काजलनं बदाम टाकला, मोहितनं जोडलेले हात, आईनं कमळ. जितेंद्रनं अंगठा.

सुटले!

१७ मे, रविवार

धोंडा लागला. कूलरची मोटर जळली. हा माझा अधिकाचा लाभ.

१९ मे, मंगळवार. खापा

शाळेला सुट्टी आहे, म्हणून बॅटरीसोबत मीही आले. मोहितनं स्वतः जोडून दिली. जुन्या बॅटऱ्या शेडच्या बाहेर, भिंतीच्या आडोशाला होत्या. ही आत ठेवली, विटांच्या ओट्यावर, आईच्या खाटेच्या पायथ्याशी. बाहेर धूळ लागते, शिवाय वायर आखूड पडते, म्हणाला. आईनं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी पेटीवर शिंपडू दिलं नाही एवढंच माझं शास्त्र तिथं चाललं.

पंप जोरात चालू आहेत. टाक्यांतलं पाणी उकळल्यासारखं दिसतं. जितेंद्र कितीतरी दिवसांनी पाय पसरून झोपला. त्याचा चेहरा झोपेत बाबांसारखा दिसतो, हे आजच लक्षात आलं.

माझंही चुकलंच असेल. स्वस्त म्हणजे वाईट, असा माझा शिक्षकी खाक्या. मोठ्या कंपनीच्या नावाचेही आपण पैसे मोजतोच की.

२३ मे, शनिवार

मोहितच्या मोबाइलचं स्टेटस पाहिलं. माझे ते दोन शब्द! ग्रुपवरचा माझा निरोप जसाच्या तसा, माझ्या नावासकट, आणि खाली पिवळ्या अक्षरांत — 'सायन्सच्या मॅडमनं तपासलेली बॅटरी. आजच बुक करा.'

तडक फोन केला. तो जराही गडबडला नाही. "घरचंच माणूस आहे न ताई. बाहेरच्याचं नाव थोडी टाकलं?" काढतो म्हणाला. काढलं नाही.

माझ्या नावावर आता किती पेट्या कुठं जाणार, देव जाणे.

२५ मे, सोमवार

नवतपा लागला. ऊन लागू नये म्हणून आईनं सकाळी कांदा खिशात ठेवायला दिला. शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही. टिनाखाली डोकं नेलं की केस तापतात.

२७ मे, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारची जेवणं झाली होती. आई खाटेवर पडलेली, मी बाजूच्या खोलीत कैऱ्या चिरत होते. एकाएकी शांतता. इतक्या दिवसांत पंपाची घरघर कानांना जाणवेनाशी झाली होती, ती थांबल्यावर जाणवली. मी काय झालं म्हणून मान वर करेपर्यंत आई उठून उभी होती. "जितू, हवा गेली!"

इन्व्हर्टरवर लाल दिवा. जितेंद्रनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, शिवी दिली. सूर्य डोक्यावर, पॅनल भरभरून देताहेत — आणि पंप बंद! ह्या इन्व्हर्टरला मध्ये बॅटरी लागतेच. बॅटरीनं अंग काढून घेतलं की वर सूर्य असून उपयोग नाही. मी पेटीला हात लावला आणि मागे घेतला. चटका बसला.

तोवर तोंडं वर आली. अख्ख्या टाकीभर नुसती उघडी तोंडं, मिटताहेत, उघडताहेत. त्याचा आवाज येतो, ते मला माहीत नव्हतं. पुचुक पुचुक असा, सगळीकडून.

जितेंद्र कपड्यांनिशी टाकीत उतरला आणि हातांनी पाणी झोडपायला लागला. आई घमेल्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत होती, मी बादलीनं. जेवढं पाणी खळबळेल तेवढी हवा. एका टाकीत खळबळ करावी तर दुसरीतली तोंडं वाढत होती. आई मध्येच धावत गेली आणि ओलं पोतं आणून पेटीवर टाकलं. तापलेल्यावर ओलं पोतं, आपल्याकडं माठापासून माणसापर्यंत हाच उपाय. मी ओरडून ते ओढून काढलं. आई दचकून माझ्याकडं पाहत राहिली. मी आईवर अशी कधी ओरडले नव्हते.

ऊन उतरायला लागलं तसा पंप आपोआप सुरू झाला. कोणी काही केलं नाही. आपणहून थांबला, आपणहून सुरू झाला.

कोपऱ्यातली टाकी गेली. सगळी.

२८ मे, गुरुवार

संत्र्याच्या झाडांपलीकडं खड्डा करून मासे पुरले. जितेंद्रच्या दंडांवर ताडपत्रीनं घासल्याचे वळ आहेत.

मला रात्रभर एकच दिसत होतं. माझा हॉल, कूलर आणि कूलरच्या गार वाऱ्यात बसवलेली ती पेटी. लाडाच्या पाहुण्यासारखी! मी बॅटरी तपासलीच नाही. मी कूलर तपासला.

आणि खरं सांगायचं तर बॅटरीनं काल चूक केलीच नाही. आत उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. पेटी हद्दीबाहेर तापली की तो सगळं बंद करतो, कारण त्यापुढं नेली तर सेल फुगतात, फुटतात, पेटतात. स्वस्त असून तिनं ते इमानानं केलं. चुकीची आहे ती जागा. चुकीची आहे मी. महाग घेतली असती तर दुकानदारानं निदान विचारलं असतं, ठेवणार कुठं? जावयानं ओट्यावर ठेवली आणि आम्ही नारळ फोडला.

जितेंद्रला म्हटलं, बाहेर निंबाच्या सावलीत वारा लागेल अशी ठेवू, वायर लांब आणू. तो म्हणाला, परवा मोहितराव धोंड्याचं जेवायला येऊन राहिले, त्यांनाच विचारू. त्यांनी जोडलेलं आपण सोडलं तर वाईट दिसेल.

वाईट दिसेल! खड्डा वाईट दिसला नाही?

२९ मे, शुक्रवार

आज दुपारभर आम्ही तिघं टाक्यांशी बादल्या घेऊन बसून होतो. पंप एकदा थांबला, लवकर सुरू झाला. मासे वाचले. आईनं तसंच उठून अनारसे तळले.

३० मे, शनिवार

जावयाचं जेवण. पाट, रांगोळी, चांदीचा दिवा, तबकात तेहतीस अनारसे. पुरणाचे धोंडे. काजलला ह्या उन्हात आणलं नाही, बरंच केलं. आईनं त्याला ओवाळलं तेव्हा तिचा हात दुखत होता, बुधवारी घमेली उचलून. कोणी त्याला खड्ड्याचं सांगितलं नाही. मला वाटलं जितेंद्र सांगेल. तो काय म्हणाला?

"मोहितराव, बॅटरी झकास आहे. फक्त दुपारची जरा रुसते."

मोहित हसला. ते सेन्सर फार हळवं असतं, म्हणाला, बऱ्याच गिऱ्हाइकांची तीच तक्रार आहे, दोन मिनिटांचं काम.

मी म्हटलं, "मोहितराव, तो सेन्सर त्यासाठीच असतो."

"ताई, ते थंड देशासाठी बनवलेलं आहे. त्याले नागपूर काय माहीत?"

जितेंद्र हसला. मी पुढं बोलणार तोच आई स्वयंपाकातून म्हणाली, "उत्तरा, अनारसे वाढ." आवाज असा की पुढं बोलू नये. मी अनारसे वाढले.

जेवण झाल्यावर, पान खात खात, तो आईच्या खाटेवर बसला. खाटेवरच! पेटी पुढ्यात ओढली, लाखेचं सील स्वतःच तोडलं, सेन्सरच्या दोन वायरी कापल्या, तिसरंच काहीतरी जोडून वर चिकटपट्टी लावली. मी दारात उभी राहून सगळं पाहिलं. आत डोकावून पाहिलं तर सेल दोन रंगांचे होते. काही निळे, काही हिरवट. मार्क कमी पडलेले सगळे एका वर्गातलेसुद्धा नव्हते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, झाकण लावलं आणि आईच्या पाया पडला.

आईनं त्याला आशीर्वाद दिला. जाताना हातात दिवा, अनारशांचा डबा.

मी शिकवते काय आणि वागते काय?

३१ मे, रविवार

आज पंप एकदाही थांबला नाही. भर दुपारीसुद्धा. जितेंद्र खुशीत. हे आधीच केलं असतं तर ती टाकी वाचली असती, म्हणतो.

संध्याकाळी पेटीजवळ गेले. एक बाजू फुगलेली आहे. थोडीच, पण परवा सपाट होती. आणि वास. नेलपॉलिशसारखा, गोडसर. नाक जवळ नेलं तरच येतो. मला तो वास कशाचा ते माहीत आहे. सेलच्या आतलं बाहेर यायला लागलंय.

जितेंद्रला हाताला धरून आणलं. दाखवलं. तो म्हणाला, उन्हानं पत्रा फुगतोच. मी म्हटलं, आजच्या आज सोड ही, जुन्या जोड.

"जुन्या तर भंगारात गेल्या. हे सोडली तर आज रात्री सगळ्याच टाक्या जातीन. सांग, सोडू?"

मला हो म्हणता आलं नाही. सगळ्या टाक्या म्हणजे जितेंद्रच.

"अन् ताई, जवाई आपल्याच माणसाच्या घरात आग लावन काय? काहून अशी बोलून राहिली तू? तूच तर लिहिलं होतं, चांगली आहे."

ह्याचं उत्तर मी १५ तारखेला गच्चीवर न नेता घरात ठेवलं.

पेटी ओट्यावरून बाहेरच्या भिंतीकडं सरकवून पाहिली. वायर पुरत नाही. मग निदान आईची खाट मी स्वतः ओढत निंबाखाली आणली. आई कुरकुरली, पण झोपली. मी शेजारी सतरंजीवर. आता दिवा मालवते.

१ जून, सोमवार. सकाळ

उठून पाहते तर निंबाखाली मी एकटी! खाट परत आत, पेटीच्या पायथ्याशी, आणि आई तिच्यावर गाढ. उठवून विचारलं तर म्हणते, "बाहेर पंपाचा आवाज ऐकू येत नाही वं. जीव लागत नाही."

वास आता दारातून येतो.

मोहितला चार वेळा फोन केला, उचलत नाही. जितेंद्रला पेटीवर लक्ष ठेवायला बसवलं, आईला बाजूच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. हो, कडी लावली! ओरडेल ती ओरडेल. पहिल्या एसटीनं महालात जाते. त्याला सोबत घेऊन आणि दुसरी बॅटरी घेऊनच येईन. जावई असो की जावयाचा बाप.

१ जून, दुपार. काजलकडे

दुकानाला कुलूप, म्हणून घरी आले. काजलनं पन्हं दिलं. कुठून सुरुवात करू असं झालं होतं, तेवढ्यात लाइट गेली. पंखा मात्र फिरतच राहिला.

"बरी आठवण झाली," काजल उठत म्हणाली. "पहिली तारीख आहे, इन्व्हर्टरमध्ये पाणी टाकायचं राहिलं."

पॅसेजमध्ये जुनी, जाड, पाण्याची बॅटरी. शेजारी नरसाळं. तिला वाकवत नाही, म्हणून नरसाळं मी धरलं. धरल्यावर कळलं मी काय धरलंय. विचारलं, मोहितरावांची बिनपाण्याची का नाही बसवली?

"मोहित म्हणते, दुकानात ठीक आहे, घरात नको. बाळ येऊन राहिलं न."

अगदी सहज म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. खड्डा, सेन्सर, वास. आणि पेटी आईच्या खाटेपाशी आहे हे. आणि ती खाट, जिच्यावर बसून त्यानं वायरी कापल्या.

ती भिंतीला धरून उभी राहिली. मग इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. पंखा हळूहळू थांबला.

"हे घेऊन जा, ताई. मी बसतो अशीच."

खाली टेम्पो उभा आहे, दोन माणसं काजलची बॅटरी जिन्यानं खाली नेताहेत. ग्रुपवर माझ्या त्या दोन शब्दांखाली काय लिहावं म्हणून मोबाइल उघडला, तर काजलचं आधीच आलेलं होतं. सगळ्यांसाठी. मोहितसाठीही.

'जितूदादा, आईची खाट बाहेर काढ. मोहितनं ही बॅटरी आमच्या घरी नाही बसवली.'